वेडाची मुळी

खिदिरपूर म्हटले की बदलीवर कलकत्त्यास आलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गोदीच्या यारी, मालमोटारींच्या रांगा आणि फॅन्सी मार्केटातली गर्दी एवढेच उभे राहते. या वस्तीला फार जुना इतिहास आहे, हे त्याच्या ध्यानी सहसा येत नाही; आणि आले तरी तो इतिहास जहाजांचा असणार असे तो गृहीत धरतो. ते काही अंशी खरेही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स किड याने येथे गलबते बांधली, १८९२ साली आजच्या गोदीत पाणी आले, आणि पुढच्या दोन पिढ्यांत बिहार व पूर्व संयुक्त प्रांत येथील हजारो माणसे ओझी वाहण्यासाठी या परिसरात येऊन राहिली. खिदिरपूर हे नाव या किडसाहेबावरून पडले असे कित्येक जण सांगतात. जलप्रवाशांचा पाठीराखा मानला गेलेला ख्वाजा खिज्र याच्याशी त्याचा संबंध जोडणारेही आहेत, आणि आमचा कल या दुसऱ्या मताकडे आहे; साहेबाच्या नावाने गाव वसते हे खरे असले तरी प्रत्येक गाव साहेबानेच वसवले असे नव्हे.

तथापि आज आम्हांस जहाजांविषयी लिहावयाचे नाही. या गोदीतले हमाल ज्या मुलखातून आले, त्या मुलखात एका झुडपाची मुळी ‘पागल की दवा’ या नावाने बाजारात विकली जात असे. ती कोणी वैद्य लिहून देत नसे. घरचे लोक विकत आणीत, उगाळून किंवा कुटून देत, आणि कित्येकदा ज्याचे चित्त ठिकाणावर नाही असा माणूस, त्यातल्या त्यात बऱ्या दिवशी, स्वतःच्या हाताने घेत असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभरच्या मनोरुग्णालयांत जी क्रांती घडली तिच्यातला एक मोठा प्रवाह या मुळीतून निघाला, आणि त्याला शास्त्राची वाट प्रथम कलकत्त्यात फुटली. या इतिहासाची मांडणी बहुधा कविराज, डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ यांच्या नावांनी केली जाते. आमचे म्हणणे असे की त्यांच्या अगोदर एक वर्ग होऊन गेला: रोग्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. प्रयोग त्यांनी केला, तो स्वतःच्या देहावर केला, आणि त्याचे बरे-वाईट दोन्ही परिणाम त्यांनीच भोगले.

झुडूप म्हणजे सर्पगंधा. उंची गुडघ्याला किंवा फार तर कमरेला लागेल इतकी, पाने एका पेऱ्यावर तीन-तीन, फुले पांढरी पण देठ लालभडक, फळ पिकल्यावर काळसर जांभळे. मुळी वाकडीतिकडी आणि चवीला अत्यंत कडू. बंगाली माणूस तिला चंद्रा किंवा छोटा चाँद म्हणतो, बिहारात धनबरुआ हे नाव आहे, आणि आपल्याकडे कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर ती अडकई किंवा हरकी या नावांनी ओळखली जाते. वैद्यांच्या ग्रंथांतली नाकुली म्हणजे हीच की दुसरी, यावर पंडितांचे एकमत नाही. आम्हांस त्या वादात शिरण्याचे कारण दिसत नाही. कारण या मुळीची खरी कीर्ती पोथीत नव्हती, बाजारात होती. सर्पदंशावर, विंचवावर, तापावर, आणि या सर्वांहून अधिक झोपेवर. बिहारातील गरीब बाया रडणाऱ्या मुलांना निजवण्यासाठी ती देतात, अशी नोंद कर्नल रामनाथ चोप्रा यांच्यासारख्या औषधीशास्त्रज्ञाने १९३३ साली केली. दिवसभर मजुरीला जाणाऱ्या आईच्या पाळण्यापाशी जे औषध असते, ते त्याच घरातल्या वेड लागलेल्या दिराच्या किंवा सासऱ्याच्या पाण्यात पडावयास वेळ लागत नाही.

येथे असा प्रश्न निघतो की, सरकारने वेड्यांसाठी इस्पितळे बांधलेली असताना लोक या मुळीच्या मागे का लागले? अडाणीपणा, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्यामागे कायदा होता आणि अंतर होते. १९१२ च्या भारतीय वेडेपणाच्या कायद्याप्रमाणे रोग्याला इस्पितळात ठेवून घ्यावयाचे म्हणजे सर्वसाधारणपणे मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. स्वतःच्या इच्छेने भरती होण्याची तरतूद त्यात होती, नाही असे नाही. परंतु ती कागदावर राहिली. ज्या घरात कोर्टाची पायरी चढणे हीच बेअब्रू, तेथे आपल्या मुलाला न्यायाधीशापुढे उभा करून ‘हा वेडा आहे’ असे म्हणवून घेण्यास कोण धजणार? त्यातून १९२५ पासून बंगालच्या हिंदी रोग्यांची रवानगी रांचीजवळच्या काँके येथील इस्पितळात होऊ लागली. कलकत्त्याहून रांची चारशे किलोमीटर. बंगाली बोलण्यात ‘रांची’ हा शब्दच वेडाचा पर्याय होऊन बसला आणि आजही ट्राममध्ये दोन मित्रांची थट्टा चालली असता तो कानी पडतो. आपल्यालाही ते नवे नाही. मुंबईकर ठाण्याचे नाव घेतो, पुणेकर येरवड्याचे, कोकणातला माणूस रत्नागिरीचे. ज्या गावाचे नावच शिवी होऊन बसले, तेथे माणूस उपचारासाठी आपल्या पायांनी जात नाही; तो पंसाऱ्याकडे जातो.

आता हुगळीच्या पलीकडे पाहू. गार्डन रीचच्या समोर, पश्चिम तीरावर शिबपूरचे वनस्पती उद्यान आहे. कर्नल रॉबर्ट किड याने ते १७८७ साली कंपनी सरकारसाठी उभारले. पुढे विल्यम रॉक्सबर्ग या उद्यानाचा प्रमुख झाला आणि त्याने हिंदुस्थानच्या वनस्पतींचे जे प्रचंड वर्णन लिहिले त्यात ही वनस्पती जुन्या नावाने येते. आज शास्त्रात रूढ असलेल्या ‘रौवोल्फिया सर्पेन्टिना’ या नावापुढे ज्यांची नावे जोडली जातात, त्यांतला सुल्पिझ कुर्झ हा याच शिबपूरच्या वनस्पतिसंग्रहाचा रक्षक होता. गंमत अशी की ज्याच्यावरून हे नाव पडले तो लिओनार्ड राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला आउग्सबुर्गचा डॉक्टर. तो सीरिया आणि इराकपर्यंत हिंडला, पण हिंदुस्थानात कधी आला नाही. प्लुमिए या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने १७०३ साली त्याच्या सन्मानार्थ हे नाव योजले. त्यापूर्वी एकशे चाळीस वर्षे, १५६३ साली, गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता याने सापाच्या विषावर चालणाऱ्या एका मुळीचे वर्णन केले होते, आणि ती सर्पगंधाच असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे युरोपियन विद्येला ही वनस्पती निदान साडेतीनशे वर्षे ठाऊक होती. तिचे चित्र निघाले, नाव ठरले, वाळलेली फांदी कागदावर चिकटवली गेली. नदीच्या अलीकडच्या तीरावरचा हमाल ती कशासाठी घेतो हे मात्र पलीकडच्या तीरावर कोणी फारसे मनावर घेतले नाही. खिदिरपूर ते शिबपूर हे अंतर होडीने पाव तासाचे असेल. विद्येच्या हिशेबाने ते फार लांबचे ठरले.

ते अंतर तुटले १९३१ साली. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी यांनी मुळीतून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतल्या काहींना हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन वगैरे नावे दिली. आणि कलकत्त्यात महामहोपाध्याय कविराज गणनाथ सेन व डॉक्टर कार्तिकचंद्र बसू यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला, ज्याच्या मथळ्यातच म्हटले होते की वेडावर आणि रक्ताच्या वाढलेल्या दाबावर हे एक नवे हिंदी औषध आहे. गणनाथ सेन हे कविराज असून पाश्चात्य वैद्यकाची पदवी घेतलेले. दोन्ही घरचे जेवलेले गृहस्थ. त्यांनी मात्रा सांगितली ती मुळीच्या चूर्णाची, वीस ते तीस ग्रेन, दिवसातून दोनदा. आपल्या जुन्या मापाने अकरा ते सोळा गुंजा. एवढ्याने रोग्यास झोप लागते, रक्तदाब उतरतो आणि उन्मादाचा जोर ओसरतो, आठवडाभरात पुष्कळदा माणूस भानावर येतो, असा त्यांचा अनुभव होता. सर्वच रोग्यांना ते लागू पडत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदले.

त्या मथळ्यातला ‘नवे’ हा शब्द आम्हांस फार वेळ थांबवतो. नवे कोणाला? ज्या मुळीला बाजारात आधीच ‘पागल की दवा’ म्हणत होते, ती नवी झाली ती छापखान्यात शिरली म्हणून. सेन-बसूंचा यात दोष नाही. उलट, ज्या गोष्टीकडे इतर डॉक्टर नाक मुरडीत, ती त्यांनी मोजून पाहिली. पण मुळीने कोणाला झोप लागते आणि कोणाला लागत नाही, किती दिल्याने माणूस उठतच नाही, हे ज्ञान एका रात्रीत निर्माण होत नसते. ते कोण्या आईने, कोण्या भावाने रात्री जागून, रोग्याच्या उशाशी बसून मिळवलेले असते, आणि त्यांची नावे कोणत्याही निबंधात असत नाहीत.

पुढची पावले झपाट्याने पडली. १९३३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मुळीचे गुण तपासले. त्याच वर्षी १ मे रोजी कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर येथे, डॉक्टर गिरींद्रशेखर बसू यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडला. सर्वसाधारण रुग्णालयातला अशा प्रकारचा हा देशातला पहिला विभाग. मॅजिस्ट्रेट नाही, कुलूप नाही, सकाळी यावे आणि दुपारी घरी जावे. मुंबईस जे. जे. रुग्णालयात अशी सोय १९३८ साली झाली. आणि १९४३ साली मनोविकारांवर सर्पगंधेच्या उपयोगाची प्राथमिक निरीक्षणे कलकत्त्याच्याच वैद्यकीय मासिकात आली. या दहा-बारा वर्षांत हे शहर मनोरुग्णांच्या बाबतीत देशाच्या कितीतरी पुढे होते. साहित्य आणि राजकारण यांच्या गोंगाटात ही गोष्ट बंगाली लोक स्वतःच विसरले आहेत, असे आमच्या प्रत्ययास आले आहे.

आपल्या मुंबईचा भाग यात लहान नाही. डॉक्टर रुस्तम वकील यांनी पन्नास रोग्यांचा अभ्यास करून सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडले, आणि तेव्हा कोठे पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ साली बाझेल येथे सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला खरा कर्ता वेगळा काढला. तो म्हणजे रेसरपिन, जो दिल्लीच्या पाचांत नव्हता. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी तो शेकडो रोग्यांना देऊन पाहिला. ज्यांना बांधून ठेवावे लागे ते उठून बसू लागले, बोलू लागले. मुळीची मागणी एवढी वाढली की जंगले उपसली जाऊ लागली. पुढे भारत सरकारने कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधने घातली, आणि परदेशी कारखानदार आफ्रिकेत तिच्या भावंडाच्या शोधात गेले. वुडवर्ड यांनी १९५६ साली रेसरपिन प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. १९५७ चा लास्कर पुरस्कार क्लाइन यांच्याबरोबर वकिलांनाही मिळाला. गणनाथ सेन तो पाहावयास हयात नव्हते.

येथवरची हकीकत अभिमानाची आहे आणि आपल्या सभासंमेलनांतून ती अभिमानानेच सांगितली जाते. खरा कठीण भाग यापुढे आहे.

रेसरपिन घेणारे काही रोगी शांत होता होता उदास होऊ लागले. रक्तदाबासाठी घेणारी, पूर्वी मनाचा कसलाही विकार नसलेली माणसे खिन्न होऊन बसली, काहींनी जीव देण्याचा प्रयत्न केला, अशी वृत्ते पन्नाशीच्या दशकात येऊ लागली. मेंदूतल्या ज्या रसायनांनी उत्साह, झोप आणि हालचाल चालते, त्यांचे साठेच हे औषध रिकामे करते, असे १९५५ नंतर उघड झाले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपिनने निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा टोचून पुन्हा हिंडते केले; कंपवाताच्या आजच्या उपचाराचे मूळ तेथे आहे, आणि त्यांना २००० साली नोबेल मिळाले. रेसरपिनने खरोखरच उदासीनता येते की नाही, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी शंकाही घेतली आहे. परंतु ते नाक चोंदवते, जुलाब करते, रक्तदाब नको तितका उतरवते, हातापायांत मंदपणा आणते, याविषयी शंका नाही. आणि त्याचा अंमल सावकाश चढतो व थांबवल्यावरही कित्येक दिवस उतरत नाही, ही त्यातली सर्वांत फसवी बाब होय. आज घेतले, उद्या गुण दिसला नाही, परवा दुप्पट घेतले, अशा हिशेबाने चालणाऱ्या माणसाला ही मुळी पंधराव्या दिवशी गाठते.

शिवाय मुळी म्हणजे गोळी नव्हे. रक्तदाबासाठी रेसरपिनची दिवसाची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असते. मुळीत ते किती असेल हे जमिनीवर, ऋतूवर, झाडाच्या वयावर आणि साल शाबूत आहे की नाही यावर अवलंबून. कारण बहुतेक अंश सालीतच असतो. त्यातून बडा चाँद नावाची दुसरी जात हिच्यात मिसळली जाते ती निराळीच. सेन-बसूंनी अकरा ते सोळा गुंजा म्हटले ते त्यांच्या समोरच्या मुळीविषयी आणि त्यांच्या डोळ्यांखालच्या रोग्याविषयी. कागदाच्या पुडीत आठ दिवसांची मुळी बांधून घेणाऱ्यास यांतले काहीच उपलब्ध नसते.

आमच्या माहितीतले एक गृहस्थ, वऱ्हाडातले, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात वरच्या हुद्द्यावर, तीन वर्षांच्या नेमणुकीवर येथे एकटेच राहत. मुलांच्या शाळेमुळे कुटुंब नागपुरास. त्यांची झोप गेली, मग कोणी पाठीमागे बोलते आहे असे वाटू लागले. डॉक्टरांकडे जावे तर बिल कार्यालयातून मंजूर व्हावयाचे, आणि त्या बिलावर कोणत्या विभागाचा शिक्का आहे हे चार टेबलांवरून जाताना चार जण वाचणार. सेवापुस्तिकेवर डाग नको, म्हणून त्यांनी खिदिरपुरात एका शिपायाच्या सांगण्यावरून मुळी मिळवली. त्यांना झोप लागली. आवाज थांबले. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण मुळीने गुण दिला नाही असे म्हणणे खोटे होईल. परंतु चार महिन्यांनी वहिनी आल्या तेव्हा त्यांना समोर बसलेला माणूस ओळखू येईना. दाढी वाढलेली, जेवण नाही, विचारले तर पाच मिनिटांनी एक शब्द. रक्तदाबाची गोळी ते पूर्वीपासून घेत होते, तिची आणि मुळीची बेरीज कोणी केलीच नव्हती. स्वयंपाकघरातली बाटली वहिनींनी उचलली आणि ती पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी हसण्यावारी न नेता, न रागावता, बाटलीतली मुळी हातावर घेऊन पाहिली आणि पहिला प्रश्न केला: “किती दिवसांपासून, आणि रोज किती?” पुढचा सर्व उपचार त्या प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहिला. त्यांना उठून हिंडू-फिरू लागण्यास सहा आठवडे लागले. मूळ आजार त्यानंतरही होताच, पण आता त्याला नाव होते.

हा प्रश्न विचारला जात नाही, हे आजच्या काळातले मोठे दुखणे आहे. रोगी सांगत नाही, कारण सांगितले तर डॉक्टर अडाणी म्हणतील. डॉक्टर विचारीत नाहीत, कारण पदवीधर माणूस मुळ्या खात असेल असे त्यांच्या मनात येत नाही. ब्राह्मी, अश्वगंधा, जटामांसी यांच्या बाटल्या आता दूरदर्शन संचाच्या जाहिरातींतून घरोघर आल्या आहेत आणि वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत सुशिक्षितांत अशिक्षितांहून अधिक आहे, असे आमचे निरीक्षण सांगते. बिहारातल्या त्या बाईला निदान एवढे ठाऊक होते की मुळी चिमूटभर द्यावयाची.

कायदा बदलला आहे. १९१२ चा कायदा १९८७ साली गेला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा रोग्याचा हक्क ठरवला, त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले, विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्ला मिळतो, आणि तो मराठीतूनही मागता येतो. परमुलखात एकट्या राहणाऱ्या आपल्या वाचकांस त्याचा उपयोग आहे. रानातली सर्पगंधा इतकी कमी झाली की १९९० साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. लागवडीची मुळी बाजारात येते.

खिदिरपुरात ती अजून मिळते. गेल्या पावसाळ्यात बाजाराच्या आतल्या गल्लीत एका पंसाऱ्याकडे आम्ही चौकशी केली. म्हातारा छपऱ्याकडचा, तीन पिढ्या येथेच. त्याने ‘पागल की दवा’ हे नाव ऐकून जीभ चावली. आता असे कोणी म्हणत नाही, साहेब, म्हणाला. डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी तो गिऱ्हाइकाला एवढेच विचारतो: “प्रेशर के लिए, या नींद के लिए?” दोन्हींसाठी डबा एकच आहे.